हजेरीपटावरची जहाजे

उमरीला समुद्र नाही. गोदावरी आहे, पण तीही गावात येत नाही. तालुक्याच्या शिवेवरून आपल्या वाटेने तेलंगणात निघून जाते. समुद्राची आणि आमची गाठ पडते ती आठवडी बाजारात, सुकटीच्या आणि सुक्या बोंबलाच्या पोत्यांपाशी. चकलीचा तुकडा तोंडात धरून हा अंक उघडणाऱ्या वाचकाने या उल्लेखानेच नाक मुरडले, तर मी त्याला दोष देणार नाही. दिवाळीत बोंबलाचा विषय काढू नये, हे मलाही कळते. परंतु मला सांगायचे आहे ते माशांविषयी कमी आणि मासे धरणाऱ्या आगबोटींविषयी अधिक, आणि त्यांच्याकडे जायला आम्हां उमरीकरांना दुसरी वाट नाही.

माणसाला कशाचा नाद लागेल हे सांगता येत नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी शेजाऱ्यांची भांडणे जमवतो. मला नाद लागला आहे तो जुन्या ट्रॉलर बोटींच्या जन्मकुंडल्या वाचण्याचा. हल, ग्रिम्सबी, फ्लीटवुड, ॲबर्डीन ही ब्रिटनमधली मासेमारीची बंदरे. तिथल्या हौशी मंडळींनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एकेका बोटीची कुंडली मांडून ठेवली आहे. कोणत्या गोदीत बांधली, कोणत्या वर्षी पाण्यात उतरली, मालक किती झाले, नाव किती वेळा बदलले, आणि शेवटी मृत्यूस्थान. कोणी धुक्यात खडकावर फुटली, कोणी सुरुंगावर उडाली, कोणी म्हातारी होऊन भंगारात गेली. आमच्याकडे मुलीच्या लग्नात जेवढी चौकशी करीत नाहीत, तेवढी या लोकांनी लोखंडाच्या बोटींची केली आहे. वाचताना पुढच्या ओळीची धाकधूक लागते. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने हे कबूल करू नये, पण पुष्कळ कादंबऱ्यांपेक्षा या चार-चार ओळींच्या नोंदी मला अधिक धरून ठेवतात.

ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून पिशवीसारखे जाळे ओढीत नेणारी बोट. शिडाच्या काळात हे काम वाऱ्याच्या मर्जीवर चाले. वारा पडला की जाळेही पडले. 1881 मध्ये हलच्या गोदीत ‘झोडियॅक’ नावाची बोट मुद्दाम या कामासाठी वाफेच्या इंजिनावर बांधली गेली आणि वाऱ्याचे मिंधेपण संपले. पुढे जाळ्याच्या दोन्ही बाजूंना जड लाकडी फळ्या आल्या. बोट पुढे जाऊ लागली की पाण्याच्या दाबाने त्या दोन दिशांना फाकतात आणि जाळ्याचे तोंड आ वासते. युक्ती अशी साधी की पतंगाला मंगळसूत्र बांधणाऱ्या पोरालाही ती लगेच कळावी. बोटीची लांबी शंभर-सव्वाशे फूट, पोटात बॉयलर, बॉयलरच्या पोटात कोळसा, आणि उरलेल्या जागेत बर्फ, मासे आणि माणसे. महत्त्वाचा क्रमही बहुधा हाच.

त्या बॉयलरची मला कल्पना करावी लागत नाही. लहानपणी उमरीच्या स्टेशनात मीटरगेजवर कोळशाचे इंजिन येई. पूर्णेच्या शेडातून निघालेले ते काळे धूड थांबले की आम्ही पोरे फायरमनकडे पाहत उभे राहत असू. फावडे मारताना त्याचे अर्धे अंग आगीत आणि अर्धे वाऱ्यात असे. तोच माणूस मी उत्तर समुद्रात नेऊन बसवतो, पायाखालची जमीन तेवढी डोलती करतो, आणि माझे काम भागते.

या बोटींच्या नशिबी मासेमारीपेक्षा भलतेच काही अधिक आले. 21 ऑक्टोबर 1904 च्या रात्री हलचा एक ताफा डॉगर बँक या उथळ समुद्रात जाळी टाकून होता. रशियाचे बाल्टिक आरमार तिथून जपानशी लढायला निघाले होते. ॲडमिरल रोझेस्तवेन्स्कीच्या त्या आरमाराला या मच्छीमार बोटी जपानी टॉर्पेडो बोटी वाटल्या! जपान कुठे आणि उत्तर समुद्र कुठे. पण भ्यालेल्या माणसाला भूगोल सांगून उपयोग नसतो, हे मी वर्गात रोज पाहतो. तोफा सुटल्या. ‘क्रेन’ नावाची ट्रॉलर बुडाली, तिच्यावरची दोन माणसे जागच्या जागी गेली. घाबरलेल्या आरमाराने स्वतःच्या ‘अरोरा’ या जहाजालाही गोळे मारले. इंग्लंड आणि रशिया यांच्यात युद्ध पेटण्याची वेळ आली. शेवटी पॅरिसला चौकशी बसली आणि रशियाने 66,000 पौंड भरपाई दिली. तेच आरमार पुढच्या मे महिन्यात सुशिमाच्या सामुद्रधुनीत खऱ्या जपान्यांना भेटले, आणि त्याचे जवळजवळ काही उरले नाही. हलच्या लोकांनी 1906 मध्ये आपल्या मेलेल्या मच्छीमाराचा भररस्त्यात पुतळा उभारला. राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे, तर जाळे ओढणाऱ्याचा!

त्याच 1906 साली हलच्या एका कंपनीसाठी ‘व्हायोला’ बांधली गेली. या कंपनीचा मालक रसिक असावा. त्याच्या बोटींना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पात्रांची नावे असत. नाटकातली व्हायोला जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागते आणि वेश पालटून राहते. बोटीनेही नावाला जागायचे ठरवले. 1914 मध्ये सरकारने तिला युद्धावर नेले आणि तिच्यावर तोफ चढवली. युद्ध संपल्यावर ती नॉर्वेला विकली गेली, नाव बदलले, व्हेल माशांच्या मागे फिरली. मग आणखी दक्षिणेला, ‘दियास’ या नावाने, दक्षिण जॉर्जिया बेटावर सील मारणाऱ्यांच्या हाताखाली. ग्रिटव्हिकेनच्या बर्फाळ किनाऱ्यावर ती आपल्या मूळच्या इंजिनासकट म्हातारी झाली. तिथल्या जुन्या व्हेल कारखान्यांचे भंगार उचलायला आलेल्या अर्जेंटिनाच्या कामगारांनी 1982 च्या मार्चमध्ये आपला झेंडा लावला. त्या ठिणगीतून फॉकलंडचे युद्ध पेटले. तिला हलला परत आणावे म्हणून तिथली मंडळी अनेक वर्षे खटपट करीत आली आहेत. माहेरची वाट म्हणतात ती हीच.

पहिल्या महायुद्धात समुद्रात पेरलेले सुरुंग वेचायला या बोटी फार उपयोगी पडल्या. जाळे ओढणाऱ्याला तळातून काय वर येईल याची धास्ती असतेच. आता माशाऐवजी सुरुंग, एवढाच फरक. मच्छीमार बोटी पुरेनात, तेव्हा आरमाराने त्याच नमुन्यावर शेकडो नव्या बोटी बांधायला काढल्या. इतक्या बोटींना नावे कुठून आणायची? तेव्हा कोणाला तरी सुचले, की नेल्सनच्या ट्रॅफल्गारच्या लढाईतल्या जहाजांचे हजेरीपट कपाटात पडून आहेत. ती लढाई 1805 सालची, आणि योगायोग असा की तारीख पुन्हा 21 ऑक्टोबरच. मग ‘व्हिक्टरी’ आणि ‘रॉयल सॉव्हरिन’ या जहाजांच्या पटावरची नावे उचलून एकेका ट्रॉलरला देण्यात आली. दोरखंड ओढणारे, तोफा पुसणारे, डेक धुणारे, असे साधे खलाशी. शंभरावर वर्षे ज्यांची कोणी याद केली नव्हती, ते एकाएकी लोखंडाचे झाले, त्यांना धुराडे फुटले आणि ते पुन्हा लढाईवर निघाले.

मी मास्तर आहे. रोज सकाळी हजेरीपट उघडणे हा माझ्या धंद्याचा श्रीगणेशा. त्या पटावर मी हजारो ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ मांडले असतील. पण त्यातून कधी जहाज निघेल असे मनात आले नव्हते.

अशीच एक बोट आमच्या मुंबईला आली. तिचे नाव ‘विल्यम कॅरिक’. नावाच्या ठेवणीवरून मी तिला त्याच घराण्यातली मानतो. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने ती वाफेची ट्रॉलर लावून मुंबईलगतचा समुद्र चाचपून पाहिला. त्याआधी 1908-09 मध्ये बंगालने ‘गोल्डन क्राउन’ आणली होती. पुढे 1927 मध्ये मद्रासने गव्हर्नरच्या पत्नीच्या नावाची ‘लेडी गोशेन’ पाण्यात सोडली. पण मला आपली वाटते ती मुंबईचीच.

आमचे कोळी तोपर्यंत काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. वसई-वर्सोव्यापासून सातपाटीपर्यंत भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना डोल बांधून बोंबील धरण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. ट्रॉलरने हात घातला तो खोल तळाला, घोळ, कोत, दाढा, वाम असल्या मोठ्या माशांना. समुद्राने काही हात आखडला नाही. हात आखडला तो बाजाराने. खोल पाण्यातून आणलेला माल टिकवायला पुरेसा बर्फ हवा, थंड कोठारे हवीत, दुसऱ्या गावी नेणारी गाडी हवी. ती व्यवस्था नव्हती. कोळशाचा आणि माणसांचा खर्च मात्र रोजच्या रोज होता. हिशेब तोट्याचा लागला आणि प्रयोग गुंडाळला गेला. सॉर्लेसाहेबाने मुंबई इलाख्याच्या मासेमारीवर मोठा अहवाल लिहिला तो 1932 च्या सुमारास. तोपर्यंत ‘विल्यम कॅरिक’ ही जुनी गोष्ट झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या गोद्यांनीही ट्रॉलरच्या नमुन्याच्या लढाऊ बोटी बांधल्या. त्यांची नावे ‘नाशिक’, ‘बडोदा’, ‘बेरार’. म्हणजे आमच्या शेजारचा कोरडा वऱ्हाड समुद्रावर जाऊन आला. नांदेडच्या नावाची बोट काही माझ्या पाहण्यात नाही, आणि याचे मला थोडे वाईट वाटते. स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 मध्ये, मुंबईत सरकारचे खोल समुद्रातल्या मासेमारीचे केंद्र निघाले. वाफ गेली आणि डिझेल आले. निर्यातीच्या कोळंबीने ट्रॉलरचे भाग्य उघडले, आणि तळ खरवडणाऱ्या त्या जाळ्यांशी डोलवाल्या कोळ्यांचे भांडण जुंपले. राज्याला 1981 मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा करावा लागला.

पण 1922 मध्ये जो बर्फ कमी पडला होता, तो पुढे आला कसा? निदान त्यातला थोडासा कसा आला, हे मला घरातच ठाऊक आहे. तो आमच्या तात्यांच्या डोक्यावरून आला.

तात्या म्हणजे माझे चुलते. 1972 च्या दुष्काळात उमरीच्या शिवारात पेरलेले उगवले नाही. तात्या आधी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर घर चालले होते. आठवड्याला मस्टरवर अंगठा उठवायचा आणि मजुरी घ्यायची. पुढच्या साली ते मुंबईला गेले आणि ससून डॉकवर बर्फाच्या कामाला लागले. पहाटे तीनला लाद्या उतरायच्या, फोडायच्या, टोपल्या भरून फळीवरून चालत जाऊन ट्रॉलरच्या पोटात ओतायच्या. ते दिवाळीला घरी येत तेव्हा त्यांची बोटे पाहून आजी रडत असे. भेगा उन्हाळ्यात पडतात हे तिला माहीत होते; गारठ्यानेही पडतात हे नवीन होते. त्यांनी आणलेल्या सुक्या बोंबलाच्या पुड्यांवर आम्ही पोरे तुटून पडत असू.

डॉकवर मस्टर नव्हते. मुकादमाच्या तोंडी हिशेबावर सारे चाले. एका पावसाळ्याच्या तोंडाशी बोटी बंद झाल्या आणि मुकादमही दिसेनासा झाला. तीन महिन्यांची मजुरी त्याच्याबरोबर गेली. मग तात्या काही वर्षे दारूखान्यात जुनी जहाजे तोडण्याच्या कामावर पत्रे वाहत होते. तिथे एकदा एक ट्रॉलर तोडायला आली. तिच्या पोटात आपण बर्फ ओतला आहे हे त्यांनी फळी लावायच्या जागेवरून ओळखले. “नाव काय होतं तिचं?” असे मी त्यांना विचारले. तात्या म्हणाले, “नाव इंग्रजीत होतं. निळी होती. लई खायची बर्फ.”

तात्या आता पंचाहत्तरीला आले आहेत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते सही शिकले. ती सही ते पोस्टात मोठ्या दिमाखाने करतात. या वर्षी नवरात्रात मी त्यांना ट्रॅफल्गारच्या हजेरीपटाची आणि त्यावरून नावे मिळालेल्या बोटींची गोष्ट सांगितली. मला वाटले होते, बोटींना खलाशांची नावे दिली याचे त्यांना कौतुक वाटेल. ओसरीवर बसून ते अंबाडीची दोरी वळीत होते. गोष्ट त्यांनी पुरी ऐकून घेतली आणि विचारले,

“मस्टर होतं म्हणतोस. मंग त्यायला पगार मिळाला का?”

मिळाला होता. ट्रॅफल्गारच्या साध्या खलाशाला पकडलेल्या जहाजांच्या लुटीतला वाटा आणि पार्लमेंटने दिलेले बक्षीस मिळून साडेसहा पौंड हाती आले होते. मी तसे सांगितले. पौंड म्हणजे किती, हे त्यांनी विचारले नाही.

“मंग बरं झालं,” तात्या म्हणाले. “बुडवलं नाही त्यायचं.”

आणि सुटलेला पीळ अंगठ्याखाली धरून ते पुढची दोरी वळू लागले.