एक्केचाळीस नंबरचा शनिवार

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला १९८०-९०च्या सुमारास वाढलेल्या आम्हा मुलांना शनिवार आधी कानांनी कळायचा. वरच्या मजल्यावरच्या कोलंबियन घरात सकाळी सकाळी सेलिया क्रूझ किंवा खुआन गाब्रिएलची गाणी दणदणीत आवाजात लागली की समजायचं, आज त्यांच्याकडे साफसफाई. पलंग सरकवल्याचा आवाज, जिन्यात फिनेलचा वास, आणि मध्येच रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या पुलावरून सात नंबरची गाडी खडखडत गेली की अर्धा अंतरा ऐकूच यायचा नाही. आईला स्पॅनिशचा गंध नव्हता, पण पोळ्या लाटताना तीच चाल तिच्या ओठांवर असायची.

संध्याकाळी आमचा मुक्काम वर. टीव्हीमागचा गोल अँटेना फिरवत ४१ नंबरची स्पॅनिश वाहिनी पकडायची. चित्र स्थिर झालं की ज्याच्या हातात अँटेना त्याने हलायचं नाही. मग तीन तास 'साबादो हिगांते'. बक्षिसांचे खेळ, विनोदी प्रवेश, देशोदेशीच्या चित्रफिती, सगळ्या प्रेक्षागृहाने मिळून गायलेल्या जाहिराती. पण जीव अडकलेला असायचा तो हौशी गायकांच्या स्पर्धेत. बुरखा घातलेला 'चाकाल' तुतारी घेऊन टपलेला असे. सूर घसरला की लोक 'फुएरा, फुएरा' म्हणजे 'बाहेर, बाहेर' ओरडत, तुतारी कर्कश वाजे आणि गाणारा बाद! वरची आजी, आम्ही सगळेच तिला अबुएला म्हणायचो, सोफ्यावरून सगळ्यांत मोठ्याने ओरडायची. गायक कोलंबियाचा निघाला तर मात्र कितीही बेसूर असो, ती चकार शब्द काढत नसे.

सूत्रधार डॉन फ्रान्सिस्को, खरं नाव मारिओ क्रॉइट्सबर्गर. नाझींच्या तावडीतून सुटून आलेल्या जर्मन ज्यू आईबापांचा मुलगा. जन्म १९४०चा, चिलीतल्या ताल्का शहरातला. १९६२मध्ये त्याने हा कार्यक्रम चिलीतल्या कॅथलिक विद्यापीठाच्या वाहिनीवर सुरू केला, १९८६पासून तो मायामीतून होऊ लागला. परक्या देशात नव्याने बस्तान बसवणं म्हणजे काय, हे त्याने स्वतःच्या घरात पाहिलं होतं. प्रेक्षकांत क्युबन, मेक्सिकन, इक्वेडोरचे, सगळे. कोण कुठला हे तो आवर्जून विचारायचा.

वरच्या घरातली मोठी माणसं आठवडाभर मुलांच्या तोंडून बोलायची. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या सभेत दहा-बारा वर्षांचं पोर दुभाष्या. शनिवारी ही उतरंड उलटायची. विनोद मुलांच्या डोक्यावरून जायचा आणि अबुएला तो समजावून सांगायची, कधी कधी दोनदा. माझ्या मते या कार्यक्रमाची खरी थोरवी हीच. बायकांच्या अंगावरून, लठ्ठपणावरून केलेली थट्टा मात्र मला कधीच रुचली नाही. तो भाग लागला की त्या घरची थोरली मुलगी उठून स्वयंपाकघरात जायची, आणि ती जायची ते बरोबरच होतं.

आईलाही तिचा मान मिळाला तो वॉल्टर मर्काडोमुळे. पोर्तो रिकोचा हा ज्योतिषी झगझगीत, भरजरी झगे घालून टीव्हीवर राशिभविष्य सांगायचा. तो रास सूर्यावरून धरतो, आपण चंद्रावरून, हे आईने अबुएलाला आमच्यामार्फत ऐकवलं. वाद पुष्कळ रंगला. शेवटी अबुएलाने स्वतःची जन्मवेळ सांगून आईकडून पत्रिका मांडून घेतली आणि दोन्ही भविष्यांतलं जे चांगलं ते ठेवलं.

२००३च्या जुलैमध्ये सेलिया क्रूझ गेली. मॅनहॅटनमध्ये अंत्यदर्शनाला लोकांची रीघ लागली होती. थोरली मुलगी अबुएलाला घेऊन त्या रांगेत उभी राहिली. १९ सप्टेंबर २०१५ रोजी, ५३ वर्षांनी, 'साबादो हिगांते'चा शेवटचा भाग झाला. तेव्हा ही थोरली न्यू जर्सीला राहत होती. फोनवर म्हणाली, "शाळेच्या सभेत माझी आई मान खाली घालून बसायची रे. शनिवारी तिला गप्प करायला आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा."