ज्याला शिकवलं, तो कायम झाला

पुतण्याचं शिकाऊ उमेदवारीचं वर्ष गेल्या महिन्यात संपलं. ‘जागा निघाली की कळवू’ असं सांगून त्याला घरी पाठवलं. हेच वाक्य मी 1997 साली ऐकलं होतं. आठवलं की अजून डोकं तापतं.

मी मोताळा तालुक्यातला. आयटीआयतून टर्नर झालो आणि एका मोठ्या आस्थापनेच्या मशीन शॉपला अप्रेंटिस लागलो. स्टायपेंड खोलीभाड्यात आणि मेसमध्येच संपायचा. पण आशा होती. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं होतं, की बाकी गोष्टी सारख्या असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. रोजगार विनिमय केंद्राकडून नाव यायची अटही त्याला नको. त्या बातमीचं कात्रण आमच्या खोलीवर होतं.

वर्ष संपत आलं आणि भरती निघाली. आम्ही अर्ज दिले, ते ‘करार अजून चालू आहे’ म्हणून परत आले. बाहेरची मुलं लागली. त्यातला लोणारकडचा एकजण माझ्याच लेथवर आला. फोरमन म्हणाले, “तुले येते ना, मंग याले दाखव.”

दाखवलं. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटरला आणणं त्याला जमत नव्हतं. चक हाताने फिरवायचा, खडू जॉबच्या अगदी जवळ धरायचा, जिथे खडू लागेल ती बाजू वर आलेली. तिच्या समोरचा जबडा सैल करायचा, खुणेकडचा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. त्या जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडला ढिलाई होती. हँडल आधी थोडं मागे घेऊन मगच कट द्यावा लागे. तेही सांगितलं. शेवटच्या दिवशी तो माझ्या मशीनवर उभा होता आणि मी गेटवर ओळखपत्र जमा करत होतो.

ट्रेड टेस्ट पास झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम 22 दाखवलं: नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. मी निकालाचं बोललो. ते म्हणाले, “‘बाकी गोष्टी सारख्या असतील तर’ हे वाचलं का?” पुढे 2000 साली न्यायालयानेही स्पष्ट केलं, की परीक्षा आणि मुलाखत शिकाऊ उमेदवारालाही चुकत नाही.

परीक्षा घ्या ना! पण ती मशीनवर घ्या. जॉब हातात द्या, मायक्रोमीटरने मोजा आणि वर्षभराच्या कामाला गुण ठेवा. 2014 च्या दुरुस्तीपासून शिकाऊ उमेदवारांच्या भरतीचं धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचं आहे. पोरांनी रुजू होतानाच ते लेखी मागावं. करारातच नोकरीची अट असेल तर मालक बांधील राहतो. म्हणून सही करण्याआधी करार वाचावा.

आता खामगावात माझा स्वतःचा लेथ आहे, थ्रेशरचे आणि पंपाचे शाफ्ट करतो. हाताखाली पोरं येतात. त्यात अप्रेंटिसशिप न मिळालेलीही असतात, कारण शहरात वर्षभर राहायचा खर्च घरच्यांना झेपत नाही. लोणारकडचा तो मुलगाही शेतमजुराचा होता आणि काम भराभर शिकला. सरसकट प्राधान्य दिलं असतं तर त्याला दार बंदच होतं. हे मला पटतं. पण ती जागा माझी होती, असंच मला आजही वाटतं.