डोळा जिथे थांबतो

भाद्रपदात साताऱ्याजवळचं कासचं पठार रंगून निघतं, तेव्हा तिथं पोचलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आधी मोबाइल काढतो. या सवयीला नावं ठेवणं सोपं आहे. मला मात्र वाटतं, फोटो ही कृतज्ञतेची चांगली तालीम होऊ शकते. फक्त त्यानं नजरेला पळवता कामा नये, थांबवायला हवं. पुरावे वरवर एकमेकांना छेद देतात. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना कमी आठवल्या. उलट २०१६ मध्ये क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांना आढळलं, की फोटो काढणारी माणसं अनुभवात अधिक रमतात. मेळ हेंकेल यांच्याच प्रयोगात सापडतो: वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, की आठवणीतली ती घट दिसली नाही. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, तो किती जवळ जातो याचा आहे.

कासच्या सड्यावरची सीतेची आसवं घ्या. दुरून तो निळसर जांभळा पट्टा असतो. जवळ गेलं की नखाएवढं फूल दिसतं, मधोमध पांढरट डाग. जांभ्या दगडावर माती जेमतेम, तीही निकस. म्हणून हे रोप ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन आपली भूक भागवतं. एवढं कळल्यावर तो फोटो नुसता सुंदर राहत नाही. निकस जमिनीनं काय दिलं, याची ती नोंद होते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये दाखवलं, की मिळालेल्या चांगल्या गोष्टी नियमित लिहून ठेवणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. अशा वहीत चित्रालाही जागा आहे, असं मी मानतो.

यावर गंभीर आक्षेप हा, की ज्याच्या रानात पाणी नाही त्याला चांगलंच बघ म्हणणं क्रूर आहे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण कृतज्ञ नजर उणीव झाकतेच असं नाही. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी, जे चित्रकारही होते, ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) गरिबी जराही न लपवता माणसांवर माया केली. आणि या भागात बेंदूर या बैलांच्या सणाची खांदेमळणी असतेच. जू ओढून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला आदल्या दिवशी हळद आणि तूप चोळतात. झूल, रंगवलेली शिंगं यांचे फोटो खूप निघतात. मला त्या खांद्याचा फोटो हवा, कारण त्यात घट्टाही दिसतो आणि हळदही. कष्टही दिसतात आणि त्यांची जाणीवही.

दुसरा आक्षेप कासची फुलं तुडवण्याचा, आणि तो पूर्ण खरा आहे. चांगल्या फोटोसाठी फुलांत बसणारा माणूस ज्याचे आभार मानायला आला तेच मोडतो. म्हणून पायवाटेवरूनच झूम करावं, आणि पठारावर येणाऱ्या माणसांच्या संख्येवरचं बंधन जाच वाटू देऊ नये. भोवतालच्या गावांतली माणसं हंगामभर उभं राहून हे पठार राखतात. फोटोखाली फुलाचं नाव लिहितो, तसा त्या गावांचाही उल्लेख करायला हवा.