धुराची वाट

रत्नागिरीच्या आमच्या घरामागे, माडांच्या आळ्यांपलीकडे, एक काळं पत्र्याचं पिंप उभं आहे. २०० लिटरचं. आंब्याचा पल्प ज्या पिंपांतून परदेशी जातो, त्यांतलंच हे एक. पल्प आत जाड पिशवीत भरलेला असतो, पत्र्याला लागत नाही. म्हणून भंगारात तेलाची आणि केमिकलची पिंपं ढिगाने पडलेली असतानाही मी याच्यासाठी दोन महिने थांबलो. मिळाल्यावर आत दोन तास लाकडं पेटवून रंग जाळून काढला, तारेच्या ब्रशने घासलं, गोडं तेल चोळलं आणि पुन्हा तापवलं.

मला त्यात मटण धुरावर शिजवायचं होतं. अमेरिकेत लोक असल्याच पिंपात कोळसा घालून ११० ते १२० अंश सेल्सिअसवर मांस तासन्‌तास ठेवतात. तंदुरात याच्या तिप्पट-चौपट धग असते. मंद आचेवर मांसातला चिवट भाग सावकाश विरघळतो आणि हाड आपोआप सुटतं. माझ्या डोक्यात बकऱ्याचं रान होतं.

तळाजवळ पाऊण इंची चार भोकं, त्यांत पाइपचे तुकडे, एकाला नळाचा व्हॉल्व्ह. कोळशासाठी जाळीची टोपली, तिच्यावर दोन फुटांवर मांसाची जाळी, झाकणावर धुरासाठी एक इंची पाइप. मी कागदावर काढून दिलं तसं वेल्डरने चोख करून दिलं.

डिसेंबरात धाकटा भाऊ मुंबईहून आला, तेव्हा पहिल्यांदा पेटवलं. टोपलीभर काळा कोळसा, मधोमध पंधरा-वीस लाल निखारे, त्यावर पेरूच्या वाळक्या फांदीचे दोन तुकडे. निखाऱ्यांनी शेजारचा कोळसा हळूहळू पेटवत न्यावा, अशी ही रीत. तासाभरात थर्मामीटरचा काटा ७० वर आला आणि तिथेच बसला. पाइपातून दाट पांढरा धूर. मी फुंकणी घेतली, प्रत्येक भोकातून फुंकलं. काटा चार-पाच अंश चढायचा आणि परत खाली यायचा, शिवाय राख उडून मांसावर बसली.

“दादा, आज होणार का रे हे?” भावाने दुपारी दोनला विचारलं. रान धुतलं, तोडलं आणि कुकरला लावलं. आईने रस्सा सुरेख केला, पण माझं लक्ष ताटात नव्हतं.

कोळशाचं पोतं अख्खा पावसाळा पडवीत होतं. बाभळीचा कोळसा दिसायला कोरडा असला तरी कोकणातल्या हवेचं पाणी पीत राहतो, आणि काही धग त्या पाण्याची वाफ करण्यातच जाते. चार दिवस तो खळ्यात पसरून वाळवला. काट्यावरही संशय होता, म्हणून तो उकळत्या पाण्यात धरला. बरोबर १०० दाखवले. आम्ही समुद्रसपाटीला आहोत. महाबळेश्वरात तो ९५च्या आसपास थांबला असता, तेव्हा उंचावर राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. टोपली तळाला टेकत होती आणि राख साचून तिची जाळी बुजत होती, म्हणून तिला तीन इंची पाय लावले.

दुसऱ्या खेपेला काटा ८५ वर अडला. मग मी सगळ्यांत मोठी चूक केली. आग कमी पडते म्हणजे हवा कमी पडते, असं धरून तळाला आणखी दोन भोकं पाडून घेतली. काहीही फरक पडला नाही.

त्या संध्याकाळी कोळसा कितपत उरलाय ते पाहायला मी झाकण चिमट्याने दोन बोटं सरकवलं. खालच्या भोकांतून हवा आत ओढली जाण्याचा घुर्र आवाज आला. कोळसा कडेपर्यंत लाल झाला. काटा डोळ्यांदेखत ९०, १०० करत ११५ वर गेला. मी झाकण परत बसवलं, तर उतरू लागला. पुन्हा सरकवलं, चढला. असं मी चार वेळा केलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

रात्री वहीत हिशेब मांडला. खालची मूळची चार भोकं मिळून पावणेदोन चौरस इंच. वरचा पाइप जेमतेम पाऊण. त्यात ३० अंशांची हवा १२० वर गेली की सुमारे ३० टक्क्यांनी फुगते, म्हणजे बाहेर पडायला तिला जास्त जागा हवी. माझ्या पिंपात आत शिरायला ऐसपैस वाट होती आणि बाहेर पडायला बोळ. गरम धूर वर निघून जातो तेव्हाच खालून ताजी हवा ओढली जाते. तो कोंडला की तळाला शंभर भोकं पाडा, कोळसा धुमसतच राहणार.

वरचा पाइप दोन इंची करून घेतला, फूटभर उंच. वाढवलेल्या दोन भोकांना टोपणं बसवली.

तिसरी खेप जानेवारीतल्या रविवारी. पहिला पाऊण तास धूर पांढरा होता, तोवर रान आत ठेवलंच नाही. त्या धुराने मांस कडू होतं. लहानपणी डोंगरात कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या पाहिल्या होत्या. मातीने लिंपलेल्या भट्टीतून आधी पांढरा लोट निघायचा. तो विरळ, निळसर झाला की ती माणसं म्हणायची, आता लाकडाचा कोळसा झाला. हातात यंत्र नाही, नुसत्या नजरेवर काम. माझ्या पाइपातूनही तसाच निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर निघू लागला, तेव्हा मी झाकण उघडून रान ठेवलं.

झाकण उघडल्यावर काटा पडला, पुन्हा चढू लागला. १२० येईपर्यंत थांबलो असतो तर तो १५० वर गेला असता, आणि तापलेला पत्रा लवकर निवत नाही. म्हणून ९५ ला दोन भोकं बंद, १०५ ला तिसरं, व्हॉल्व्ह अर्धा. काटा ११५ वर स्थिरावला आणि पुढचे पाच तास दोन-तीन अंशांपलीकडे हलला नाही. मी खुर्ची टाकून शेजारी बसून होतो. बसायची गरज नव्हती, तरी उठवेना.

साडेचारला हाड हाताने ओढलं, ते कोरडं निघून आलं. आईने मांसाचा तुकडा मोडून पाहिला, आत कडेने गुलाबी रेघ होती. “कच्चं नाही ना रे?” तिने विचारलं. ती धुराची खूण असते, म्हणून सांगितलं, तेव्हा तिने खाल्लं आणि दुसरा तुकडा मागून घेतला.

रात्री सगळी भोकं आणि वरचा पाइप बंद केला. सकाळी उघडलं तर टोपलीत निम्मा कोळसा काळाच शिल्लक होता. तो चाळून डब्यात भरला आणि राख माडाच्या आळ्यात टाकली.