खांद्यावरील पट्टा

जपानी भाषेंत ‘एकिदेन’ असा एक शब्द आहे. ‘एकि’ म्हणजे रस्त्यावरील ठाणें आणि ‘देन’ म्हणजे पोंचतें करणें. पूर्वीं आपल्याकडे डाकेचे जासूद जसे टप्प्याटप्प्यानें थैली पुढच्याच्या स्वाधीन करीत, तशीच व्यवस्था जपानच्या जुन्या राजमार्गांवर होती. आणि तीवरूनच तेथील एका लांब पल्ल्याच्या सांघिक शर्यतीस हें नांव पडलें. राजधानी क्योटोहून टोकियोस गेल्याला पन्नास वर्षें झालीं, त्या निमित्तानें १९१७ सालीं पहिली एकिदेन झाली. क्योटोच्या सान्जो पुलापासून टोकियोंतील उएनोच्या तळ्यापर्यंतचें सुमारें ५०० किलोमीटरांचें अंतर २३ टप्प्यांत, रात्रंदिवस धांवून पार करण्यांत आलें.

या शर्यतींत हातांत दांडकें नसतें. आपण जानवें घालतों तसा, एका खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका घातलेला कापडी पट्टा असतो. त्यास ‘तासुकी’ म्हणतात. टप्पा संपत आला कीं धांवणारा तो काढून दोन्हीं हातांत ताणून धरतो, आणि पुढचा तो घेऊन अंगावर चढवीत चढवीतच धांवत सुटतो. अखेरच्या गड्याच्या अंगावर तो पट्टा येतो, तेव्हां त्यांत आधींच्या सर्वांचा घाम मुरलेला असतो. पट्टा न तुटतां शेवटपर्यंत पोंचावा, ही एकिदेनमधील सर्वांत मोठी प्रतिष्ठा. कित्येकदां ती जिंकण्यापेक्षांहि मोठी मानली जाते.

या शर्यतींत स्त्रिया पुष्कळ उशिरां आल्या. १९२८ सालीं आम्स्टर्डामच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत प्रथमच ठेवण्यांत आली. ओसाका येथील मैनिची वृत्तपत्राच्या कचेरींत नोकरीस असलेली कुमारी हितोमी किनुए तींत दुसरी आली. जपानी स्त्रीस मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होय. परंतु शर्यत संपतांच कांहीं जणी दमून जमिनीवर पडल्या, वृत्तपत्रांनीं त्याचा मोठा गवगवा केला, आणि एवढें अंतर स्त्रीदेहास सोसवत नाहीं असें ठरवून ती शर्यत १९६० सालापर्यंत बंद ठेवण्यांत आली. कुमारी हितोमी त्यापूर्वींच, १९३१ सालीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं न्युमोनियानें वारली.

पुढें १९८१ सालीं जपानांतील उद्योगसंस्थांच्या स्त्रीसंघांची एकिदेन गिफू येथें सुरू झाली. २०११ च्या मार्चमध्यें ईशान्य जपानवर भूकंप व समुद्रलाटांचें भयंकर संकट कोसळलें; त्याच वर्षाच्या अखेरीपासून ही शर्यत त्या संकटांत होरपळलेल्या मियागी प्रांतांत भरूं लागली. मात्सुशिमाच्या किनाऱ्यापासून सेंडाई शहरापर्यंत सहा मुली मिळून ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे एका मॅरॅथॉनचें अंतर, तोडतात. विमा कंपनी, रसायनांचा कारखाना, मोटारींच्या भागांचा कारखाना, सौंदर्यप्रसाधनें विकणारी पेढी, असे नाना प्रकारचे संघ तींत असतात. टपालाचें काम करणाऱ्या संस्थेचा संघ २०१६, २०१९ व २०२० सालीं पहिला आला, हें ‘एकिदेन’ शब्दाचा अर्थ ठाऊक असणारास विशेष गमतीचें वाटेल.

या मुली त्या त्या कंपनीच्या नोकर असतात. शाळा किंवा महाविद्यालय सुटलें कीं त्यांतील पुष्कळशा थेट संघाच्या वसतिगृहांत येतात. पहांटे धांवावें, कांहीं तास कचेरींत काम करावें, दुपारून पुन्हा सराव करावा, रात्रीं सर्वांनीं एका पंक्तीस जेवावें, असा त्यांचा क्रम. वडीलधाऱ्याच्या जागीं शिक्षक, आणि घराच्या नांवाच्या जागीं कंपनीचें नांव. थोडक्यांत, तें एक एकत्र कुटुंबच असतें. त्याचें फळहि मोठें आहे. २००० सालीं सिडनीस आणि २००४ सालीं अथेन्सला स्त्रियांच्या मॅरॅथॉनचें सुवर्णपदक ज्यांनीं जिंकलें, त्या ताकाहाशी नाओको आणि नोगुची मिझुकी दोघीहि अशाच कंपन्यांच्या संघांतून पुढें आल्या होत्या.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त सेंडाईस असतो. कांहीं वर्षांपूर्वीं नोव्हेंबरांत त्याच्याकडे आमचा मुक्काम होता. सूनबाई म्हणाली, “काका, उद्यां तुम्हांला एक पाहण्यासारखी गोष्ट दाखवितें.” दुसऱ्या दिवशीं शिओगामा गांवांत, जेथें पहिला पट्टा बदलला जातो तेथें, आम्ही जाऊन उभे राहिलों. थंडी बोचरी होती. शेजारच्या एका आजीबाईंनीं आमच्याहि हातांत कागदी झेंडे दिले. पहिली मुलगी दिसली आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच दुसऱ्या मुलीनें पट्टा घेतलाहि. परंतु आम्हांस आठवते ती मागें पडलेल्यांपैकीं एक. तिनें पट्टा दिला, दोन पावलें अडखळली, आणि मग वळून, ज्या रस्त्यानें ती आली होती त्या रिकाम्या रस्त्यास कमरेंत वांकून नमस्कार केला. शेजारच्या आजीबाईंनीं डोळे पुसले. आमचेहि डोळे ओले झाले.

रात्रीं जेवतांना आम्ही त्या मुलीची वाखाणणी करूं लागलों, तेव्हां सूनबाईनें एक निराळी हकीकत सांगितली. २०१८ च्या ऑक्टोबरांत, याच शर्यतीच्या पात्रतेची फेरी फुकुओका प्रांतांतील मुनाकाता येथें चालू होती. दुसऱ्या टप्प्याची एकोणीस वर्षांची मुलगी पट्टा देण्याचें ठिकाण दोनतीनशें मीटरांवर असतांना कोसळली. तिच्या उजव्या नडगीचें हाड मोडलें होतें. ती थांबली असती तर संघाची शर्यत तेथेंच संपली असती. म्हणून ती हातांवर व गुडघ्यांवर रांगूं लागली. डांबरी रस्त्यावर गुडघे सोलवटून रक्त येऊं लागलें. पंच शेजारून चालत होते. पडद्यावर हें पाहून तिच्या शिक्षकानें ‘तिला थांबवा’ असा निरोप धाडला. परंतु तो वाटेंत रेंगाळला, आणि पोंचला तेव्हां पुढची मुलगी कांहीं पावलांवर दिसत होती. मुलीनें रांगतच पट्टा दिला. देशभर कित्येकांनीं तिच्या निष्ठेची स्तुति केली, आणि कित्येकांनीं विचारलें कीं एवढे मोठे लोक भोंवतीं असतांना तिला उचललें कां नाहीं?

“काका,” सूनबाई म्हणाली, “मला ती मुलगी पाहून आईची आठवण झाली. मामाच्या लग्नांत तिला तीन दिवस ताप होता, आणि तिनें शंभर पानांचा स्वयंपाक उभ्यानें निभावला. पुढें दोन महिने ती अंथरुणावर होती. आमच्याकडे अजून त्या स्वयंपाकाची गोष्ट कौतुकानें सांगतात. अंथरुणाची गोष्ट कोणी सांगत नाहीं.”

तिच्या या बोलण्यावर पुतण्या गप्प राहिला, आणि आम्हीहि. कौतुक खोटें होतें असें नव्हे. त्या माउलीनें तो भार उचलला नसता, तर एका घराची चार माणसांत शोभा झाली असती. पट्टा खांद्यावर घेणारीं माणसें नसतील, तर कोणतेंहि घर दोन पिढ्या टिकणार नाहीं. परंतु ज्या भारामुळें सर्वांची अब्रू राहते, तो वाहणाऱ्याच्या पायांकडेहि सर्वांनींच पाहावयास नको काय?

हा प्रश्न एका पडलेल्या मुलीपुरता नाहीं. लांब पल्ल्याच्या धांवण्यांत अंग हलकें असावें म्हणून मुली पोटास चिमटा घेतात. मग रक्त कमी होतें, मासिक धर्म थांबतो, हाडें ठिसूळ होतात, आणि विशींतच पायाचें हाड तडकतें. रक्त वाढविण्यासाठीं लोहाचीं इंजेक्शनें देण्याची चाल शाळकरी धांवपटूंतहि शिरली होती. त्या इंजेक्शनांनीं लोह शरीरांत सांचून यकृतासारख्या अवयवांस इजा होऊं शकते. जपानच्या अॅथलेटिक्स संघटनेनें त्याविषयीं २०१६ सालीं इशारा दिला व २०१९ सालीं प्रतिबंधाचे नियम घालून दिले. यांतील कोणतीहि मुलगी रस्त्यावर रांगतांना दिसत नाहीं. ती हंसतमुखानें पट्टा देते, नमस्कार करते, आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात.

१९२८ सालीं स्त्रिया दमून पडल्या, म्हणून पाहणाऱ्यांनीं शर्यतच बंद केली. २०१८ सालीं एक मुलगी मोडक्या पायानें रांगली, तेव्हां पाहणाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या. हे दोन निर्णय एकमेकांच्या अगदीं उलट दिसतात. परंतु दोन्हीं वेळां निवाडा करणारे लोक रस्त्याच्या कडेस उभे होते, आणि जिच्या अंगावर पट्टा होता तिला कोणी कांहीं विचारलें नाहीं. स्त्रीस नाजूक म्हणून बाहेर काढणें सोपें, देवी म्हणून ओंवाळणेंहि सोपें. ‘बाई, दुखतें काय?’ हें वेळेवर विचारणें तेवढें अवघड.

आणि तें तिनें स्वतः होऊन सांगावें, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पट्टा अंगावर असतां ‘मला होत नाहीं’ असें एकोणीस वर्षांची मुलगी म्हणणार नाहीं. लग्नघरांतील बहीणहि म्हणणार नाहीं. तें दुसऱ्या कोणीं तरी म्हणावें लागतें, आणि ज्याच्या शब्दास मान आहे अशा वडीलधाऱ्यानें म्हणावें लागतें. मुनाकाता येथें तसा वडीलधारा होता, त्यानें तो शब्द उच्चारलाहि होता. निरोप पोंचविणाऱ्या जासुदांच्या नांवानें चालणाऱ्या त्या शर्यतींत पट्टा ठिकाणावर पोंचला. तो एक निरोप तेवढा वेळेवर पोंचला नाहीं. आपल्या घरांत माजघरापासून स्वयंपाकघरापर्यंतचें अंतर तर चार पावलांचेंच असतें.