शिरगणतीला मी कुठे होतो?

माणगावची माणसं आपल्या मतदारसंघात आली, याचा मला राग होता. आज हे लिहिताना लाज वाटते. पण राग होता, आणि तो मी चारचौघांत मिरवलाही.

2008 साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने केलेली मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. माणगाव हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ संपला. त्या तालुक्याचा एक भाग श्रीवर्धनला गेला, एक आमच्या महाड-पोलादपूरला जोडला. उरणचा नवा मतदारसंघ झाला. लोकसभेला तर आम्ही कशेडीपलीकडच्या दापोली-गुहागरबरोबर, आणि पनवेल, कर्जत, उरण थेट घाटावरच्या मावळात! पुढाऱ्यांनी सोयीने रेघा ओढल्या, डोंगरातल्या माणसाला कुणी विचारलं नाही, असं मी ठरवून टाकलं. आयोगाचा आदेश वाचायची तसदीही घेतली नाही. माणगावचे सपाटीवरचे लोक आमचे रस्ते, आमचं पाणी पळवतील ही खरी भीती. तिला मी अन्याय म्हणायचो.

2009 च्या शिमग्याला गावी आलो तो या पुनर्रचनेविरुद्ध निवेदन लिहायचं ठरवूनच. सह्यांसाठी वाडीतल्या घरांची यादी करायला पडवीत बसलो. चुलते एकेक घर सांगत होते, मी लिहीत होतो. एकतीस घरं. शिमगा होता म्हणून त्या दिवशी दारं उघडी होती. एरवी एकोणीस घरांना कुलूप. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला, कुणी पनवेलला.

यादी झाल्यावर काकांनी सहज विचारलं, "शिरगणतीला तू कुठं होतास रे? मी गुरुजींना तुझं नाव सांगत होतो. ते म्हणाले, इथं राहतो त्यालाच लिहायचं."

पेन हातात तसंच राहिलं. मी कळंबोलीत होतो. लोखंड बाजारात नोकरी, भाड्याची खोली, बायको, दोन मुलं. 2001 च्या जनगणनेत आम्ही चौघे पनवेल तालुक्यात मोजले गेलो, आणि सीमा आखल्या त्या त्याच जनगणनेवरून. राज्याची लोकसंख्या भागिले 288 जागा, म्हणजे एका आमदारामागे सरासरी 3 लाख 36 हजार माणसं. महाड आणि पोलादपूर मिळून तेवढी भरत नव्हती. भरतील कशी? आमच्यासारखी घरंच्या घरं उत्तरेकडे गेली होती.

पुढाऱ्यांनी काहीच केलं नसेल, असं मी म्हणत नाही. पण माझ्या रागाचं उत्तर माझ्याच हातातल्या यादीत होतं. रेघ हलली, कारण मी हललो होतो. ज्यांना मी परके म्हणत होतो, ते आपल्या गावात राहिले होते. मी रिकामी केलेली जागा त्यांनी भरली, आणि मी त्यांच्याचविरुद्ध सह्या गोळा करायला निघालो होतो. गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाच्या हक्काची भाषा किती सहज येते!

निवेदन लिहिलं नाही. सह्यांचं काय झालं, असं वाडीत कुणी विचारलं, तेव्हा खरं कारण सांगायचा धीर मात्र झाला नाही. ते आज सांगतोय.

विधानसभेच्या जागांची एकूण संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. निवृत्तीनंतर मी गावीच राहतो, त्यामुळे या वेळी माझं नाव पोलादपूर तालुक्यात लिहिलं जाईल. माझ्या दोन्ही मुलांची नावं कळंबोलीत.