नंबर नको, काम विचारा!

माझ्या वडिलांचा एक जुना कॉम्प्युटर आहे, १९८४ साली बाजारात आलेला आयबीएम पीसी-एटी. घरातले म्हणाले, "मोडेम जोडून दाखव, नाहीतर भंगारात!" मोडेम ठाऊक आहे ना? कॉम्प्युटरचे संदेश टेलिफोनच्या तारेतून जाणाऱ्या आवाजात बदलणारी पेटी.

मोडेम मिळाला, पण केबल कुठे मिळेना. मग ठरवलं, घरीच करायची!

कॉम्प्युटरच्या बाजूला ९ पिना, मोडेमच्या बाजूला २५. आता गंमत पाहा. कॉम्प्युटर ३ नंबरच्या पिनेवरून बोलतो, २ नंबरवर ऐकतो. मोडेमचंही तसंच. तोही ३ वर बोलतो आणि २ वर ऐकतो, म्हणजे दोघंही ३ वरच बोलतात! नंबराला नंबर जोडला, तर एका तारेवर दोघंही बोलणार आणि दुसरीवर दोघंही नुसते कान देऊन बसणार. म्हणून ३ ची तार २ ला, २ ची ३ ला आणि दोघांची सामाईक तार ५ वरून ७ ला. उरलेल्या सहा तारा 'मी तयार आहे' अशा खुणांच्या. त्याही काम पाहूनच जोडल्या.

सोल्डरिंग करताना मोठं माणूस जवळ हवंच. मग मल्टिमीटरने एकेक तार तपासली, मोडेम लावला आणि 'एटी' ही दोन अक्षरं टाइप केली. पडद्यावर उत्तर आलं, 'ओके'!

कॉम्प्युटर आता माळ्यावर नाही, टेबलावर आहे. तुमच्या घरी आहे का असं एखादं जुनं यंत्र? आईबाबांना विचारा बरं!